आधी पाणी, मग रोप: खाडीकाठच्या गावाने कांदळवन राखण्याची रीत

कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान, वाचवायचं म्हटलं की सगळ्यांना आधी रोपं लावायचं सुचतं. तारीख ठरते, बॅनर लागतं, शाळेची मुलं चिखलात उतरतात, हजारभर रोपं लागतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे नुसत्या काटक्या उरतात. श्रीलंकेत 2004 च्या त्सुनामीनंतर झालेल्या लागवडी तपासल्या गेल्या, तेव्हा 23 पैकी 9 जागांवर एकही रोप जिवंत नव्हतं. बियाणं वाईट होतं म्हणून असं क्वचितच होतं. जागेची उंची चुकलेली असते, किंवा पाण्याची वाट अडलेली असते.

म्हणून या कामाचा क्रम उलटा धरा. आधी पाणी, मग वाट पाहणं, आणि तरीही गरज उरली तर लागवड. खाडीवर जगणाऱ्या कोळी, आगरी, गाबीत, कातकरी, मल्हार कोळी घरांमध्ये या कामाचं निम्मं ज्ञान आधीच आहे: उधाणाचं पाणी कुठवर चढतं, कुठली कोंड (खाडीचा लहान फाटा) पूर्वी वाहती होती, चिंबोरी कुठे मिळायची बंद झाली. हे सांगू शकणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं पहिल्या फेरीत बरोबर हवीतच.

वेळ काढणं

सगळं काम ओहोटीला बांधलेलं असतं. घड्याळ आणि तिथी पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवा, ती सुकती, म्हणजे ओहोटी पूर्ण होण्याची वेळ. दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. आपल्या बंदराशी एकदा ताडून तो फरक कायमचा वहीत लिहून ठेवा.

पाहणीसाठी पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एकदोन दिवस घ्या. उधाणाच्या त्या दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, त्यामुळे दोन्ही हद्दी दिसतात. मात्र सुकती सकाळी आणि संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास येते, म्हणजे उजेड थोडाच मिळतो. खणायला आणि लावायला भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस बरे: अष्टमी-नवमीला सुकती भर दुपारी असते आणि पाणी वरच्या चिखलाला फारसं शिवत नाही.

उंची मोजणं

या भागात घाई करू नका, कारण सगळं इथेच ठरतं. कांदळवनाची झाडं ढोबळमानाने समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या सर्वोच्च रेषेपर्यंतच्या पट्ट्यात वाढतात. एकूण वेळेच्या साधारण 30 टक्क्यांहून जास्त काळ पाण्याखाली राहणाऱ्या जागी ती तग धरत नाहीत. त्याखालचा उघडा, गुळगुळीत चिखल म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तिथे शिंपल्या-तिसऱ्या असतात, बोय चरते, पक्षी खातात. लागवडी मात्र नेमक्या तिथेच होतात, कारण त्या चिखलावर कुणी मालकी सांगत नाही आणि उद्दिष्टाचा आकडा बिनभांडणाचा पूर्ण होतो. तो चिखल तसाच राहू द्या.

योग्य उंची पुस्तकातून काढत बसू नका. जवळच्या धडधाकट रानातून घ्या. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, दहा-पंधरा मीटर लांबीची. पाण्यात थोडी नीळ घालून भरा आणि आत एकही बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला की सगळी मापं फुकट. दोन सरळ काठ्यांवर सेंटीमीटरच्या खुणा करा. प्रत्येक काठीच्या बुडाला दहा सेंटीमीटर चौरस फळी ठोका, नाहीतर काठी चिखलात रुतत जाते आणि प्रत्येक माप खोटं पडतं. एक काठी जिवंत तिवराच्या (कांदळवनातल्या एका झाडाच्या) बुंध्याशी, दुसरी मोकळ्या जागेकडे. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या रेषा काठ्यांवर वाचा; दोन आकड्यांतला फरक तोच उंचीतला फरक. मग मागची काठी उचलून पुढे न्या, आणि असं टप्प्याटप्प्याने जा.

रानाच्या खाडीकडच्या कडेला दहा आणि जमिनीकडच्या कडेला दहा मापं घ्या. त्या दोहोंमधली उंची हा तुमचा पट्टा. मोकळी जागा त्यात बसत असेल तर तिथे झाडं यायलाच हवीत; येत नसतील तर अडचण दुसरी काहीतरी आहे. दहा-पंधरा सेंटीमीटरने खाली असेल तरी रोपं बुडून मरतात. तेवढीच वर असेल तर मीठ साचून पांढरी पडलेली, भेगाळलेली जमीन मिळते.

आता दुसरी चाचणी. दोन बांबू घ्या, त्यांना गेरूचा जाड हात द्या, वाळू द्या. एक मुख्य खाडीत रोवा, एक संशयाच्या जागेत. दोन्ही जागांच्या उंचीतला फरक नळीने काढून ठेवा. उधाणाची एक भरती होऊन गेली की गेरू जिथवर धुतला गेला तिथे रेघ दिसते. उंचीतला फरक धरूनही आतली रेघ बरीच खाली असेल तर पाणी आत पोचत नाही. आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर आतल्या बांबूशी पाणी तसंच उभं असेल तर ते बाहेर पडत नाही. हा दुसरा प्रकार जास्त घातक. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. ती काही आठवडे सलग पाण्याखाली राहिली की भलं जुनं झाडही शेंड्याकडून वाळायला लागतं. कोयता न लावता कांदळवन मारण्याची हीच युक्ती आहे, आणि ती मुद्दाम वापरली जाते: खाडीच्या तोंडाशी चार डंपर भराव टाकला की पुढचं काम पाणीच करतं.

वाट मोकळी करणं

अडथळे ठरलेले असतात: रस्त्याच्या भरावाखाली बसवलेला अपुरा पाइप, बांधकामाचा राडारोडा, प्लास्टिकने बुजलेलं कोंडीचं तोंड, सोडून दिलेली कोळंबीची तळी, पडीक मिठागरांचे बांध. कांदळवनाची जागा सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, सर्वांत कडक गटात मोडते. वन खात्याच्या कांदळवन कक्षाच्या स्थानिक वनक्षेत्रपालांची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फावडं लावू नका. जेसीबी तर नकोच. तिच्या एका फेरीत जेवढी श्वासमुळं चिरडतात तेवढी भरून यायला वर्षं लागतात.

चर हाताने खणा. जुन्या कोंडीचा माग ओलसर काळ्या चिखलावरून आणि काठच्या काजळ्याच्या (कांदळवनातल्या एका जातीच्या) ओळीवरून सापडतो. तीच वाट धरा, तिची वळणंही तशीच ठेवा. सरळ रेषेत खणलेल्या चरात पाणी जोरात धावतं आणि काठ ढासळतो. लहान फाट्यांना साठ सेंटीमीटर रुंदी आणि तीस-चाळीस सेंटीमीटर खोली पुष्कळ झाली. तोंडाशी रुंद आणि खोल, आत जाईल तसं अरुंद आणि उथळ. निघालेला गाळ काठावर रचू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: गाळाचा ढीग वाळतो, नवा बांध तयार होतो आणि चराच्या दोन्ही बाजूंचं पाणी पुन्हा अडतं. टोपल्यांनी उचलून बाहेर न्या, नाहीतर बोटभरापेक्षा जाड होणार नाही असा पसरा.

खारभूमीच्या बांधाचं वेगळं. बांधामागे कुणाची भातशेती असेल तर त्याला हात लावायचा नाही. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नीट करायची. भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची झडप कुजलेली किंवा गाळात अडकलेली असते, त्यामुळे शेतही खारतं आणि पाणीही तुंबतं. उघाडीची दुरुस्ती हे शेतकरी आणि मच्छीमार एका बाजूला उभे राहू शकतात असं बहुतेक एकमेव काम आहे. खाडी राखणाऱ्या गावसमितीची सुरुवात तिथूनच करावी.

थांबणं आणि मोजणं

पाणी सुरू झालं की एक अख्खा पावसाळा काहीही लावू नका. बी भरतीबरोबर आपणहून येतं. दिवाळीनंतर बांबूच्या कामट्यांची एक मीटर चौरस चौकट करा, खाडीकडून जमिनीकडे दोरी धरा आणि दर दहा पावलांवर चौकट ठेवून आतली रोपं मोजा. जातवार लिहा. अशा तीस चौकटी झाल्या की सरासरी काढा. चौरस मीटरला एखादं तरी रोप पडत असेल तर लागवडीचा विचार सोडा. तिथे पैसे आणि माणसं लावणं वाया आहे. रोपं आली पण दोन महिन्यांत गेली, तर गुरं, कचरा किंवा लाटा यांपैकी कोण ते शोधा. मुळीच आली नाहीत आणि जवळ बी देणारं रानही नाही, तरच पुढचा भाग वाचा.

लावायचंच असेल तर

कुठली जात कुठे, हे शेजारचं रान दाखवतं. खाडीच्या तोंडाकडे, लाटेला तोंड देत पांढरी चिप्पी (2020 मध्ये हिला राज्याचा कांदळवृक्ष ठरवण्यात आलं) आणि तिवर. कोंडींच्या काठाला, मऊ चिखलात कांदळ. मधल्या, किंचित टणक पट्ट्यात काजळा आणि किरकिरी. जमिनीकडच्या कडेला हुरी. तिचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळे भयंकर चुरचुरतात, तेव्हा कामाला आलेल्या मुलांना आधी ते झाड ओळखायला शिकवा. कांदळ लावायला सोपा, म्हणून सगळीकडे कांदळच लावला जातो. तिवराच्या जागी लावलेला कांदळ दोनतीन वर्षं हिरवा दिसतो आणि मग खुरटतो.

कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा पावसाळ्यात पिकतात. फळ आणि शेंग यांच्या मधली कॉलर पिवळी पडली आणि हलक्या पिळ्याने शेंग सुटली, तर ती तयार. ओढावी लागली तर कच्ची. चिखलात पडलेल्या शेंगाही चालतात, पण प्रत्येक शेंग बोटांत फिरवून पाहा. टाचणीएवढं भोक दिसलं तर आत भुंगेरा आहे, ती फेका. गोळा केलेल्या शेंगा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि आठवड्याच्या आत लावा. लावताना टोकदार बाजू खाली, एक तृतीयांश लांबी चिखलात, शेंग उभी. उलटी लावणारे निघतातच, म्हणून लावणाऱ्यांना आधी एकेक शेंग हातात देऊन टोक दाखवा. अंतर दीड ते दोन मीटर. जवळजवळ लावल्याने रान लवकर भरत नाही, फक्त बी संपतं.

तिवराचं बी पावसाळ्याच्या मध्यापासून गळतं. ते एक दिवस गोड्या पाण्यात भिजवलं की वरचं साल आपोआप सुटतं. साधारण सहा बाय नऊ इंचांच्या पिशव्यांत खाडीचाच गाळ भरून त्यात ते रुतवा, पण अर्धंच. पूर्ण गाडलं तर कुजतं. रोपवाटिका उधाणाचं पाणी शिवेल अशा जागी करा. अंगणात गोड्या पाण्यावर वाढवलेली रोपं खाडीत नेली की खाऱ्याचा धक्का खातात. फूटभर उंची झाली की रोप तयार. पिशवी कापून काढा आणि कापलेलं प्लास्टिक मोजून परत आणा: जितकी रोपं नेली तितक्या पिशव्या परत.

लावायला सप्तमी ते एकादशीमधले दिवस घ्या, म्हणजे पुढचं उधाण येईपर्यंत रोपाला चिखल धरायला चार दिवस मिळतात.

मग पहिलं वर्ष राखण. रोपांचे सगळ्यात मोठे वैरी प्लास्टिक आणि शेवाळ: ओली पिशवी शेंड्यावर बसली की रोप आडवं झालंच. उधाणाच्या दर पंधरवड्यानंतर एक फेरी मारून हाताने सोडवा. म्हशी एका दुपारीत सगळी लागवड खातात, शिवाय पायांनी तुडवतात. कुंपणापेक्षा गुराख्याशी बोलणी जास्त टिकतात, त्यासाठी म्हशींचा रस्ता आधीच ठरवून द्या. खोडावर बार्नॅकल (कवचाचे, चिकटून बसणारे जीव) चढले तर ते खरवडू नका, साल निघते. फार चढत असतील तर जागा खोल आहे, पुढच्या वर्षी वर सरका. कधी पावसाळ्याच्या अखेरीस तिवराची पानं अळ्या अख्ख्या खाऊन टाकतात आणि रान जळल्यासारखं दिसतं. सागाची पानं खाणारीच ती अळी. फवारणी अजिबात नको. काही आठवड्यांत नवी पालवी येते, विषाने मात्र कोळंबी आणि चिंबोऱ्या मरतात.

काढण्याचे नियम

गावाला खाडीतून काही मिळत नसेल तर गाव राखण करणार नाही, हे सरळ आहे. नियम थोडे ठेवा, पण पाळता येतील असे. चिंबोरी आकडीने बिळातून काढायला हरकत नाही. कुदळीने बीळ फोडायचं नाही, कारण त्यात मुळं तुटतात आणि बीळ पुन्हा वसत नाही. पोटाखालचा पडदा रुंद, गोल असेल तर ती मादी. त्याखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर जागच्या जागी सोडायची. पाठ तळहातापेक्षा लहान असेल तर नर असो की मादी, सोडायची. कालवं दगडावरून काढा, मुळावरची काढताना मूळ कापू नका. विष किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासेमारी, आणि कोंडीच्या तोंडाला आडवी लावलेली बारीक आसाची जाळी: या दोन्हींना पूर्ण बंदी हवी. सरपणासाठी फांदी तोडणं कायद्यानेच बंद आहे. त्यामुळे ज्या घरांची चूल तिवरावर चालते त्यांच्या गॅसचं काय, हा प्रश्न समितीने पहिल्याच बैठकीत घ्यावा. तो टाळला की रात्री कोयते चालतात.

एखादी कोंड आलटूनपालटून वर्षभर पूर्ण बंद ठेवायची पद्धत चांगली चालते, मात्र कुठली कोंड ते तिथे रोज जाणाऱ्यांनी ठरवावं. पंचायतीच्या खोलीत नकाशावर ठरवलेली बंदी बहुतेक वेळा सगळ्यात गरीब घराच्या पाण्यावर पडते.

हक्काचे कागद

जमीन कुणाची ते आधी काढा: सातबारा, गट नंबर, गावाचा सीआरझेड नकाशा, आणि ती राखीव किंवा संरक्षित वन म्हणून अधिसूचित आहे का. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या अंतरिम आदेशाने राज्यातल्या कांदळवनाच्या तोडीला आणि त्याभोवतीच्या 50 मीटरांतल्या बांधकामाला मनाई झाली; 2018 च्या अंतिम निकालाने ती कायम केली. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 पासून आहे.

वन हक्क कायदा 2006 किनाऱ्यावर फार कमी वापरला गेला आहे. वनजमिनीवरच्या कांदळवनासाठी ग्रामसभा सामूहिक वनस्रोताचा दावा करू शकते, म्हणजे राखण्याचा, जोपासण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क. मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न हेही त्याच कायद्यातल्या सामूहिक हक्कांत येतं. कातकरी, मल्हार कोळी, वारली अशा अनुसूचित जमातींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचं वास्तव्य दाखवावं लागतं. इतरांना 75 वर्षांचं. वन हक्क समिती 10 ते 15 जणांची, त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. ठरावाच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते, त्यात एक तृतीयांश महिला. सह्या मोजूनच सभा सुरू करा. गणपूर्तीवरून पडणारे दावे पुष्कळ असतात. पुरावे किमान दोन: जुनी गॅझेटियर, सरकारी नोंदी, दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लिहून घेतलेले जबाब. ज्येष्ठांचे जबाब घेताना कोंडींची, खडकांची, मासेमारीच्या जागांची नावं एकूणएक लिहा आणि त्यांवरून हाती नकाशा काढा.

वनाचा दावा बसत नसेल तिथे कांदळवन सह-व्यवस्थापन समितीची वाट आहे. कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजनेत, 2017 पासून, अशा समित्यांमार्फत चिंबोरीपालन, कालवपालन, पर्यटन यांना अनुदान मिळतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतो, तो याच धाटणीचा उद्योग. होडी वल्ह्याचीच ठेवा. इंजिनाच्या लाटांनी अरुंद कोंडीचे काठ खचतात. चिंबोरीच्या कुंपणासाठी झाड तोडलं तर अनुदान आणि हक्क दोन्ही धोक्यात येतात, म्हणून जाळी झाडांच्या मधून फिरवा.

तक्रार टिकेल अशी

भराव रात्री पडतो आणि सकाळी पसरलेला असतो, म्हणून तयारी आधीपासून हवी. गावाने चार ठरलेल्या जागा निवडाव्या, तिथे खुणेचा दगड ठेवावा आणि दर अमावास्येला, सुकतीच्या वेळी, त्याच दिशेने एकेक फोटो काढावा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोतून ती माहिती निघून जाते.

अर्जात भावना नको. गट नंबर, अक्षांश-रेखांश, तारीख, पहिल्यांदा दिसल्याची वेळ, भरावाची पावलांनी मोजलेली लांबी-रुंदी, गाडी नंबर असेल तर तो, आणि पाणी कुठे अडलं ते लिहा. शेवटचा मुद्दा विसरू नका, कारण झाडं तोडलेली नसतात तेव्हा नुकसान झालंच नाही असा पंचनामा होतो. प्रती तहसीलदार, कांदळवन कक्षाचे वनक्षेत्रपाल, पोलीस ठाणे आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांना द्या, आणि प्रत्येकाची शिक्क्यासह पोच घ्या. पंचनाम्याला भरतीच्या वेळी बोलावलं तर नकार द्या. भराव पाण्याखाली असतो. तिथीची पाऊणपट करा, सुकतीची वेळ अर्जातच लिहा, आणि त्या वेळी गावातले दोन पंच चिखलात उतरायला तयार ठेवा.